उळवीच्या वाटेवरचे सुपा वीजगृह

अनमोड घाटमार्गे उळवीला चन्नबसवेश्वरांच्या समाधिदर्शनास जाणाऱ्या गोमंतकीयांनी वाटेत गणेशगुडीला अवश्य थांबावे. काळी नदीवरील सुपा धरण १०१ मीटर उंच. पायथ्याचे वीजगृह मात्र प्रत्येकी ५० मेगावॅटच्या दोनच संचांचे. एवढ्या धरणाला वीज इतकी थोडी कशी? सुपाचे मुख्य काम पावसाचे पाणी वर्षभरासाठी साठवण्याचे आहे. येथून सोडलेले पाणी पुढे बोम्मनहळ्ळी जलाशयात अडवले जाते आणि बोगद्यातून खोल दरीतील नागझरी वीजगृहात उतरते. पाणी तेच, पण उतार मोठा. म्हणून तेथील क्षमता ८०० मेगावॅटहून अधिक. धरण पाहण्यास पूर्वपरवानगी घ्यावी. जुने सुपा गाव याच जलाशयाखाली गेले. घाट ओलांडल्यावर लागणाऱ्या रामनगरात तेथील विस्थापितांची वस्ती आहे.