मरणाच्या सावलीतील हसू : ‘गाभ्रीचा पाऊस’मधील कृष्णविनोद आणि दांपत्यप्रेम

प्रास्ताविक :

मृत्यूकडे पाहून हसणे आपल्या साहित्यपरंपरेत सहजासहजी मान्य झालेले नाही. संस्कृत साहित्यशास्त्रात तर हास्य आणि करुण हे परस्परविरोधी रस मानले गेले. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त भयानक आणि करुण यांना हास्याचे विरोधक म्हटले आहे. ही भूमिका समजण्यासारखी आहे. ज्या घरात नुकतेच प्रेत उचलले गेले त्या घरात विनोद करणाऱ्याला आजही कोणी क्षमा करीत नाही. असे असताना विसाव्या शतकात जगभर एक वाङ्मयप्रकार रुजला, ज्यात हे दोन विरोधक एकाच ओळीत, एकाच प्रसंगात नांदू लागले. फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँ याने १९४० साली अशा लेखनाचा एक संग्रह संपादित केला आणि ‘काळा विनोद’ ही संज्ञा रूढ केली. मराठीत त्यास कृष्णविनोद किंवा कृष्णसुखात्मिका असे म्हटले जाते.

प्रस्तुत लेखात सतीश मनवर दिग्दर्शित ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) या मराठी चित्रपटाचा या अंगाने विचार केला आहे. हा विषय निवडण्याचे कारण उघड आहे. चित्रपट विदर्भातील कापूस उत्पादक शेतकऱ्याच्या आत्महत्येविषयी आहे आणि यवतमाळ जिल्ह्यात, नेरसारख्या तालुक्याच्या ठिकाणी शिकविणाऱ्या प्राध्यापकांस हा विषय पाठ्यपुस्तकातला नाही. तो वर्गात पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत बसलेला असतो. अशा वर्गापुढे या विषयावरील विनोदी चित्रपट ठेवता येईल काय, असा खरा प्रश्न आहे.

मराठीतील पूर्वसूरी :

मराठी प्रेक्षकाला मरणावर हसविण्याचे मोठे श्रेय सतीश आळेकर यांच्या ‘महानिर्वाण’ (१९७४) या नाटकाकडे जाते. पुण्याच्या थिएटर अकादमीने रंगभूमीवर आणलेल्या या नाटकात चाळीत राहणारे कीर्तनकार भाऊराव मरण पावतात आणि मेल्यानंतर स्वतःच्याच मरणाचे कीर्तन लावतात. त्यांच्या पत्नी रमाबाईंचे मन अंत्यविधीसाठी जमलेल्यांपैकी एका पुरुषाकडे ओढ घेते. रूढ अर्थाने ही निषिद्ध ओढ आहे. परंतु आळेकर तिची टिंगल करीत नाहीत. नाटकातील हसू विधींवर, शेजाऱ्यांच्या शोकावर, शोकाच्या ठरीव भाषेवर आहे. रमाबाईंची ओढ मात्र त्या साऱ्या नाटकीपणात एकमेव जिवंत गोष्ट ठरते.

असे असले तरी ‘महानिर्वाण’ पुण्याच्या मध्यमवर्गीय चाळीतले आहे. तेथील मरण नैसर्गिक आहे. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मरणावर लिहिताना मराठी लेखकाची लेखणी बहुधा गंभीरच राहिली. सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) ही कादंबरी त्या गांभीर्याचे उत्तम उदाहरण होय. या गांभीर्याला इतिहासाचे ओझेही आहे. यवतमाळ जिल्ह्यातील चिलगव्हाण येथील साहेबराव करपे या शेतकऱ्याने १९ मार्च १९८६ रोजी पवनारजवळील दत्तपूर येथे पत्नी व चार मुलांसह जीवन संपविले. ही घटना पहिली जाहीर शेतकरी आत्महत्या मानली जाते आणि त्या दिवशी दरवर्षी अनेक ठिकाणी उपवास केला जातो. या मातीवर विनोद करावयाचा तर कलावंताला आपला हक्क आधी सिद्ध करावा लागतो.

चित्रपटाचे कथानक आणि त्यातील विनोदाचे मूळ :

कथानक साधे आहे. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो. त्या दिवसापासून अलका (सोनाली कुलकर्णी) हिच्या मनात भीती शिरते की, आपला नवरा किसना (गिरीश कुलकर्णी) हाही असेच काही करून बसेल. किसना गप्प असतो, चिडतो, एकटाच शेताकडे जातो. कोरडवाहू कापसाच्या शेतकऱ्याने पेरणीच्या हंगामात गप्प राहू नये, चिडू नये, एकटे शेताकडे जाऊ नये, असे कोणी म्हणेल काय? अलकेला मात्र प्रत्येक गोष्टीत एकच अर्थ दिसू लागतो. ती लहानग्या दिनूला बापाच्या मागे लावून देते. घरात गोडधोड होऊ लागते, पुरणपोळी होते, घरातले बोलणे जपून होऊ लागते. सासूही (ज्योती सुभाष) या घरातील बदलाची साक्षीदार असते. किसनाला या अचानक आलेल्या लाडाचा उलगडा होत नाही.

येथे विनोद निर्माण होतो. बाप जाईल तिथे पोर मागे. ज्याला मरायचे नाही त्याला मरणापासून वाचविण्याची धडपड आणि तीही त्याला कळू न देता. पुरणपोळीचा प्रसंग तर विशेष विचार करण्याजोगा आहे. आपल्याकडे पुरण सणावारी शिजते. पोळ्याला बैलांनाही त्याचा घास मिळतो. आडवारी पुरण शिजले तर घरातला माणूस विचारणारच, आज काय आहे? आणि गोड जेवण तेरवीलाही असते. अलकेच्या ताटातील पोळी मरण टाळण्यासाठी आहे, पण तिच्या कडेला मरणाची सावली आहे. दिग्दर्शकाच्या मनात हा अर्थ असेल वा नसेल, वऱ्हाडातील प्रेक्षकाला तो जाणवल्यावाचून राहत नाही.

या विनोदाचे मूळ अलकेच्या मूर्खपणात शोधणे चुकीचे ठरेल. ते आहे एका न विचारलेल्या प्रश्नात. “तुमच्या मनात तसं काही येते का?” एवढा एक प्रश्न अलका नवऱ्याला विचारू शकत नाही. तो विचारला गेला असता तर चित्रपट पहिल्या अर्ध्या तासातच संपला असता. नवराबायकोने एकमेकांना मनातले विचारावे, प्रेम शब्दांत बोलून दाखवावे, अशी आपल्या खेड्यांतील रीत नाही. मायेची भाषा ताटातून, डब्यातून, रागावण्यातून बोलली जाते. अलकेजवळ तीच भाषा आहे आणि नेमक्या वेळी ती अपुरी पडते. म्हणून तिच्या प्रेमाला पाळतीचे रूप येते. या अर्थाने किसना व अलका हे चारचौघांसारखे विवाहित जोडपे असले तरी त्यांच्यातील प्रेमाचा आविष्कार सर्वस्वी असांकेतिक आहे. हिंदी-मराठी चित्रपटांनी आपल्याला प्रेमाची गाणी पुष्कळ दिली. नवऱ्यावर पहारा ठेवणारे प्रेम क्वचितच दाखविले.

शीर्षकाविषयी येथे एक शब्द. ‘गाभ्रीचा’ ही वऱ्हाडी शिवी आहे. ती पावसाला दिलेली आहे. कारण हा पाऊस हवा तेव्हा येत नाही आणि नको तेव्हा कोसळतो. परदेशी प्रेक्षकांसाठी इंग्रजीत शीर्षकाचे ‘द डॅम्ड रेन’ झाले आणि २००९ च्या रॉटरडॅम आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात चित्रपट त्या नावाने दाखविला गेला. इंग्रजी शीर्षकात शाप उतरला, परंतु सलगी उतरली नाही. आपल्याकडे शिवी परक्याला कमी आणि घरच्याला जास्त दिली जाते. पाऊसही घरचाच आहे.

एक परदेशी तुलना :

मृत्यू, जीवन आणि असांकेतिक प्रेम यांवरील कृष्णविनोदी चित्रपटांत हाल ॲश्बी यांच्या ‘हॅरॉल्ड अँड मॉड’ (१९७१) या अमेरिकन चित्रपटाचे नाव नेहमी घेतले जाते. श्रीमंत घरातील तरुण हॅरॉल्ड आपल्या आत्महत्येचे खोटे देखावे उभे करतो आणि अनोळखी माणसांच्या अंत्यविधींना जातो. तेथे त्याची ऐंशीच्या उंबरठ्यावरील मॉडशी गाठ पडते व दोघांचे प्रेम जमते. प्रदर्शित झाला तेव्हा हा चित्रपट फारसा चालला नाही. पुढे त्याला निष्ठावंत प्रेक्षक लाभले.

दोन्ही चित्रपट शेजारी ठेवले की एक लक्षणीय विरोध दिसतो. हॅरॉल्ड गळफास लावून लोंबकळत असताना त्याची आई शांतपणे फोनवर बोलत राहते. जिने पाहावयास हवे ती पाहत नाही. अलकेच्या घरात नेमके उलट घडते. जिथे फास नाही तिथेही तिला तो दिसतो. एका चित्रपटातील हसू न पाहण्यातून निर्माण होते, दुसऱ्यातील अति पाहण्यातून. अमेरिकेतील बंगल्यात मरण हा खेळ होऊ शकतो, कारण तेथे ते दूर आहे. वऱ्हाडात ते शेजारच्या घरी येऊन गेलेले आहे.

मरणानंतरचे लक्ष :

या चित्रपटाचे मला जाणवलेले सर्वात मोठे मर्म असे की, तो आपली नजर मृत्यूच्या आधीच्या दिवसांवर रोखतो. शासन, वृत्तपत्रे आणि आपण अभ्यासक हे तिघेही शेतकऱ्याच्या दारी बहुधा त्याच्या मृत्यूनंतरच पोचतो. चित्रपट आला त्या काळातील व्यवस्था आठवावी. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या वारसास एक लाख रुपये मिळत. त्यापैकी ३० हजार तातडीने व ७० हजार मासिक प्राप्ती योजनेत ठेव म्हणून. त्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागे. सातबारा कोणाच्या नावे, कर्ज बँकेचे, सोसायटीचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता काय, हे तपासून मृत्यूवर पात्र किंवा अपात्र असा शेरा पडे. २००६ च्या जून-जुलैमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. २००८ साली केंद्राची कर्जमाफी आली. या उपायांचे मूल्यमापन हा अर्थशास्त्राच्या सहकाऱ्यांचा प्रांत आहे. परंतु जिवंत माणसाकडे रोज पाहणारी एकच यंत्रणा या काळात काम करीत होती, असे चित्रपट पाहताना वाटते : ती म्हणजे अलका आणि तिचे पोर.

शासनाला हे पुढे उमगले, असे म्हणता येईल. २०१५ मध्ये राज्याच्या आरोग्य विभागाने आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला आणि त्यात घरोघरी जाऊन मानसिक ताणाची लक्षणे ओळखण्याचे काम आशा कार्यकर्तींकडे आले. जे अलका चोरून करीत होती ते आता विचारपूस करून करावयाचे होते. मानसोपचारशास्त्राचा अनुभवही असाच आहे की, एखाद्याला आत्महत्येच्या विचारांबद्दल आपुलकीने व थेट विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. बोलायला वाट मिळते.

आक्षेप :

शेतकऱ्याचे मरण हा हसण्याचा विषय नव्हे, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. कृष्णविनोद कोणावर आहे, हे पाहणे एवढाच त्याचा निकष असू शकतो. २०१० साली आलेल्या अनुषा रिझवी यांच्या ‘पीपली लाइव्ह’ या हिंदी चित्रपटात नत्था नावाचा शेतकरी नुकसानभरपाईसाठी मरणार असल्याची बातमी फुटते आणि वाहिन्यांचे कॅमेरे त्याच्या अंगणात तळ ठोकतात. तेथे हसू माध्यमांवर आणि राजकारण्यांवर आहे. ते धारदार आहे, पण त्या गर्दीत नत्था स्वतः हळूहळू दिसेनासा होतो. ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये किसना कधीच नजरेआड होत नाही. आपण त्याला हसत नाही. त्याच्यावर जीव असलेल्या बाईच्या केविलवाण्या युक्त्यांना हसतो आणि हसताना आपलाच जीव टांगणीला लागतो. प्रत्येक वेळी तो नजरेआड गेला की प्रेक्षकही दिनूसारखा मान उंचावून पाहू लागतो. शेवट काय होतो ते येथे सांगण्याचे कारण नाही.

माझा आक्षेप वेगळा आहे. अलकेला कोण पाहते? नवऱ्याला जगविण्याची सारी जबाबदारी बाईवर टाकून समाज मोकळा होतो. चित्रपट ही स्थिती अचूक टिपतो, पण तिच्या स्वतःच्या थकण्याकडे तो फारसा वळत नाही. तीही शेतात राबते. तरी अशा घरांत सातबाऱ्यावर बाईचे नाव बहुधा नसतेच. ही उणीव पुढे रंगभूमीने काही अंशी भरून काढली. श्याम पेठकर लिखित व हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात विदर्भातील शेतकरी विधवांनी स्वतः भूमिका केल्या. त्यांच्यापैकीच वैशाली येडे यांच्या हस्ते जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथील ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले.

वर्गात दाखविताना :

मराठी, समाजशास्त्र किंवा गृहअर्थशास्त्र यांपैकी कोणत्याही विभागाला हा चित्रपट दाखविता येईल. मात्र काही पथ्ये पाळावीत. ज्यांच्या घरी अशी घटना घडली आहे ते विद्यार्थी कोण, हे प्राध्यापकांना बहुधा ठाऊक असते. त्यांना विषयाची कल्पना आधी द्यावी, न येण्याची मुभा द्यावी आणि चर्चेत त्यांना बोलते करण्याचा आग्रह धरू नये. मरणाच्या पद्धतीवर चर्चा रेंगाळू देऊ नये. ‘टेली-मानस’ या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावा. तेथे मराठीतही बोलता येते. आणि चित्रपट शेवटच्या तासाला ठेवू नये. आपले पुष्कळ विद्यार्थी खेड्यांतून एसटीने ये-जा करतात. पडदा संपताच त्यांना बस गाठावी लागते आणि जे बोलायचे ते घरापर्यंत तसेच सोबत जाते. सकाळचे दोन तास जोडून घ्यावेत, म्हणजे नंतर व्हरांड्यात थांबायला त्यांनाही वेळ राहतो आणि आपल्यालाही.