माहिती चौकट : दत्तक वस्तीतील बालगट आणि विद्यार्थी स्वयंसेवक

गांधी जन्मशताब्दीच्या निमित्ताने २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत (रासेयो) महाविद्यालयीन स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करावी आणि ‘दत्तक’ गावात किंवा वस्तीत, म्हणजे महाविद्यालयाने कामासाठी निवडलेल्या ठिकाणी, सात दिवसांचे विशेष शिबिर करावे, अशी अपेक्षा असते. वस्ती गरीब असेल तर लहान मुलांशी गाठ पडण्याचे सोयीचे ठिकाण म्हणजे अंगणवाडी. १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या या केंद्रात तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पूरक आहार आणि शाळापूर्व शिक्षण मिळते. शिबिरात श्रमदानातून बांधलेला वनराई बंधारा, म्हणजे माती भरलेल्या पोत्यांचा छोटा बांध, सात दिवसांत उभा राहतो. तीन वर्षांचे मूल मात्र पहिले काही दिवस आईचा पदरच सोडत नाही, आणि ते नुकते मांडीवर येऊन बसू लागते तोच शिबिराचा समारोप होतो. म्हणूनच नियमित तासांपैकी काही, ठरलेल्या वारी आणि त्याच स्वयंसेवकाने, बालगटाला देणे अधिक फलदायी ठरते (प्रमाणपत्रापुरते तास भरणाऱ्यांना ही शिस्त जाचते, हा भाग वेगळा). साहित्याची अडचण सबब म्हणून पुढे करता येत नाही, कारण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाड परिसरात आदिवासी पाड्यांतील अंगणातच बालवाडी भरवताना माँटेसरी पद्धतीच्या महागड्या साधनांऐवजी बिया, पाने, शंख-शिंपले अशा परिसरातल्याच वस्तू वापरल्या होत्या.