चढावर अडखळणारी मोटार

अॅम्बेसेडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. म्हणून जुन्या गाडीचा सुटा भाग विनाकारण बदलणे आता परवडणारे नाही. सपाटीवर सुरळीत धावणारी गाडी घाटाच्या चढावर अडखळू लागली, की पुष्कळ मालक प्रथम कार्ब्युरेटर खोलतात आणि चांगली जुळणी बिघडवून बसतात. वास्तविक शोधाचा आरंभ ठिणगीपासून करावा. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट झिजून त्यांतील सुमारे ०.४ मिलिमीटरचे अंतर बदलले, म्हणजे ठिणगी क्षीण व अवेळी पडते. ठिणगी निर्दोष आढळल्यास पेट्रोलची गाळणी पाहावी. ती तुंबली असता सपाटीवर पुरणारे इंधन चढावर अपुरे पडते. त्यानंतरच कार्ब्युरेटरला हात लावावा. एका वेळी एकच फेरफार केला, तरच दोष नेमका कोठे होता, हे कळते.