फेडरल कोर्टातील न्यायमूर्ती जयकर

काळी नदीच्या खोऱ्यातील जोयडा तालुका, म्हणजे पूर्वीचा सुपे भाग, आज कर्नाटकात आहे. परंतु १९५६ पर्यंत तो उत्तर कानडा जिल्ह्याबरोबर मुंबईच्या कारभाराखाली होता. तेथील एखाद्याचा जमिनीचा दावा चिघळत गेला तर त्याची वाट ठरलेली असे. खालचे कोर्ट, कारवारचे जिल्हा न्यायालय, मुंबईचे हायकोर्ट, आणि दाव्याची किंमत सामान्यतः १०,००० रुपये वा त्याहून अधिक असली तर लंडनची प्रिव्ही कौन्सिल. रानातल्या कुमरीवर पोट भरणाऱ्याला ही शेवटची पायरी स्वप्नातही दिसणे कठीण होते. या वाटेवर दिल्ली कोठेच लागत नसे. १९३७ साली दिल्लीत फेडरल कोर्ट स्थापन झाले, तेव्हाही त्यात फारसा फरक पडला नाही.

याचे कारण ते कोर्ट निराळ्याच कामासाठी होते. १९३५ च्या कायद्याने मध्यवर्ती, प्रांतिक व सामाईक अशा विषयांच्या तीन याद्या केल्या होत्या. अधिकारांची वाटणी झाली की हद्दीचे तंटे आलेच. ते तोडण्यास पंच हवा. हायकोर्टातून अपील येई ते या कायद्याच्या अर्थाविषयी महत्त्वाचा प्रश्न असल्याचा दाखला हायकोर्टाने दिला तरच. गंमत अशी की, ज्या संघराज्यासाठी हे कोर्ट उभारले ते संस्थानिक सामील न झाल्यामुळे कधी अस्तित्वातच आले नाही! कोर्ट मात्र दिल्लीच्या संसदगृहात, नरेंद्रमंडळाच्या दालनात, काम करू लागले.

सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर यांच्या शेजारी दोघे न्यायाधीश बसले. सर शाह सुलेमान हे अलाहाबाद हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश होते. दुसरे मुकुंदराव जयकर हे मुंबईचे बॅरिस्टर. ते वकिली आणि राजकारण या दोन्ही आखाड्यांतून आलेले. जन्म १८७३ चा. जालियनवाला बागेच्या हत्याकांडानंतर काँग्रेसने नेमलेल्या चौकशी समितीत ते गांधीजींबरोबर होते. पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात स्वराज्य पक्षाचे नेते, मग प्रतिसहकारवादी. १९३० नंतर सर तेजबहादूर सप्रू यांच्या जोडीने गांधीजी व सरकार यांच्यातील मध्यस्थ. दोन्ही पक्षांचे ऐकून घेण्याची ही सवय न्यायासनाला उपयोगी पडली असल्यास नवल नाही.

कोर्टापुढचा पहिला मोठा प्रश्न मराठी मुलुखातूनच आला. मध्यप्रांत व वऱ्हाड सरकारने १९३८ साली मोटारीचे इंधन व वंगण यांच्या विक्रीवर कर बसविला. मालाच्या उत्पादनावरील जकात हा मध्यवर्ती सरकारचा हक्क, आणि हा कर म्हणजे तीच जकात, असे दिल्लीचे म्हणणे. विक्रीकर प्रांताच्या यादीत आहे, असे नागपूरचे उत्तर. गव्हर्नर जनरलने प्रश्न कोर्टाकडे सोपविला. ग्वायर, सुलेमान व जयकर यांनी आपापली मते स्वतंत्रपणे मांडली, पण निष्कर्ष एकच निघाला: प्रांताचा कायदा वैध. दुकानदाराच्या विक्रीवरचा कर आणि कारखानदाराच्या उत्पादनावरची जकात या दोन गोष्टी भिन्न ठरल्या, आणि दिल्लीच्या कोर्टाने दिल्ली सरकारविरुद्ध मत दिले. प्रांतांना नवे हक्क केवळ कागदावर मिळाले आहेत काय, ही शंका त्याने पुष्कळशी दूर केली. पेट्रोल हा विषय जयकरांना नवा नव्हता. १९२७ साली नेमलेल्या रस्ते समितीचे ते अध्यक्ष होते, आणि रस्त्यांसाठी पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर घ्यावा ही शिफारस त्याच समितीची.

१९३९ साली ते प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. काही वर्षांनी ते पदही त्यांनी सोडले. डिसेंबर १९४६ मध्ये घटना समितीत नेहरूंच्या ध्येयविषयक ठरावाला त्यांनी उपसूचना मांडली: मुस्लिम लीग व संस्थाने येईपर्यंत निर्णय थांबवावा. ऐन उत्साहाच्या वेळी हे पुष्कळांना रुचले नाही. पण प्रतिवादी हजर नसता निकाल देऊ नये, ही न्यायाधीशाची खोड सुटणार कशी? ठराव अखेर २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. पुढे जयकरांनी समितीतील जागा सोडली, आणि मुंबईच्या त्याच रिकाम्या जागेवर जुलै १९४७ मध्ये डॉ. आंबेडकर निवडून आले. जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. १९५९ साली त्यांचे निधन झाले.

प्रिव्ही कौन्सिलकडे जाणारी अपिले १९४९ मध्ये थांबली आणि १९५० च्या जानेवारीत फेडरल कोर्टाच्या जागी सर्वोच्च न्यायालय आले. नरेंद्रमंडळाचे दालन काही वर्षे तेच राहिले. जोयड्याचा दावा आता कारवारहून धारवाडच्या खंडपीठाकडे जातो, आणि तेथून दिल्लीला.