आकाशातील विमान आणि भिंगाची निवड

वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने १९४० साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, तेव्हापासून त्या शहराच्या पूर्वेकडील आकाश क्वचितच रिकामे राहिले. ‘मरुत’ हे लढाऊ विमान जून १९६१ मध्ये येथूनच प्रथम उडाले. पुढे ‘तेजस’ हे नाव मिळालेल्या हलक्या लढाऊ विमानाचे पहिले उड्डाणही ४ जानेवारी २००१ रोजी येथूनच झाले. मे २००८ मध्ये देवनहळ्ळीचा नवा विमानतळ सुरू झाला आणि नियमित प्रवासी वाहतूक तिकडे गेली. जुन्या धावपट्टीवर चाचणी-उड्डाणे, हेलिकॉप्टरे व खासगी विमाने यांची ये-जा मात्र चालू राहिली.

या धावपट्टीच्या नैर्ऋत्येस काही किलोमीटरांवर कोरमंगला ही वसाहत आहे. तेथील एखाद्या उंच गच्चीवरून उत्तरेकडे पाहत विमाने टिपण्याची हौस ज्याला जडते, त्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो असा की, भिंग किती लांब पल्ल्याचे घ्यावे? प्रश्न स्वाभाविक असला तरी तो पहिला असू नये. विमान किती अंतरावर असेल आणि मधली हवा कशी असेल, हे आधी ठरवावे लागते. भिंगाचा पल्ला त्यावरून आपोआप निघतो.

याचे गणित सोपे आहे. विमानाच्या लांबीला भिंगाच्या नाभीय अंतराने गुणावे आणि विमानाच्या अंतराने भागावे, म्हणजे संवेदकावर उमटणाऱ्या प्रतिमेची लांबी मिळते. ‘तेजस’ची लांबी १३.२ मीटर आहे. ते एक किलोमीटरवरून बरोबर आडवे जात असेल आणि भिंग ४०० मिलिमीटरचे असेल, तर प्रतिमा सुमारे सव्वापाच मिलिमीटर लांबीची पडते. पूर्ण आकाराचा संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद असतो. विमान त्याचा जेमतेम सातवा हिस्सा व्यापील. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यात हाच हिस्सा चौथ्याहून किंचित कमी भरतो. लांब पल्ल्याच्या कामासाठी लहान संवेदक पुष्कळांना सोयीचा वाटतो तो यामुळेच. प्रतिमा मात्र दोन्हीकडे तेवढीच असते, लहान होते ती तिच्याभोवतीची चौकट.

आता अंतर तीन किलोमीटर धरले, तर ६०० मिलिमीटरच्या भिंगानेही ‘तेजस’ची प्रतिमा अडीच मिलिमीटरच्या थोडी वर जाते. याउलट साडेसदतीस मीटर लांबीचे एअरबस ३२० त्याच अंतरावरून ४०० मिलिमीटरच्या भिंगात पाच मिलिमीटरचे दिसते. प्रवासी विमानांच्या काळात जे भिंग ‘चालण्यासारखे’ होते, ते लढाऊ विमानाला अपुरे पडते याचे कारण भिंगात नसून विमानाच्या आकारात आहे. प्रवासी जेट विमानांवर पोसलेली हौस लढाऊ विमानांकडे वळली की पदरी निराशा येते, ती बहुधा या हिशेबामुळे.

मग आणखी लांब भिंग घ्यावे काय? येथे हवा आडवी येते. तापलेल्या रस्त्यांवरून, सिमेंटच्या छपरांवरून आणि धावपट्टीवरून वर चढणारी गरम हवा सभोवतालच्या हवेहून विरळ असते. तिच्यातून येताना प्रकाशकिरण सतत थोडेथोडे वाकतात. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर दूरचे वाहन थरथरताना दिसते, तोच हा प्रकार होय. लांब भिंग विमानाबरोबर ही थरथरही तितकीच मोठी करून दाखवते. फेब्रुवारी-मार्चमधील भर दुपारी जमिनीलगत धावणाऱ्या विमानाची चाके वितळल्यासारखी दिसतात. त्यावर महाग भिंगाचा उपाय चालत नाही. सकाळची वेळ, कमी अंतर आणि उंच जागा हेच तीन उपाय. १९९७ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी कोरमंगला येथे उभारलेल्या क्रीडाग्रामासारख्या उंच इमारतींचा लाभ येथे दिसून येतो, कारण तेथून जाणारी दृष्टिरेषा तापलेल्या थराच्या बऱ्याच वरून जाते.

दिशेच्या दृष्टीने ही वसाहत भाग्यवान म्हटली पाहिजे. धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे आणि पाहणारा तिच्या दक्षिणेस उभा असतो. त्यामुळे वर्षातील बराच काळ सूर्य त्याच्या पाठीशी किंवा बाजूला राहतो व विमानाची उजळलेली कूस समोर येते. एप्रिलच्या अखेरीपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत मात्र माध्यान्हीचा सूर्य बंगळूरच्या उत्तरेस सरकतो. वाऱ्याचाही विचार हवा. विमाने वाऱ्याला सामोरी जाऊन उतरतात व उडतात. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत उड्डाण पश्चिमेकडे, म्हणजे वस्तीच्या बाजूला होते. हिवाळ्यात पूर्वेचा वारा असला की उतरणारी विमाने त्या बाजूने येतात. चाके बाहेर काढलेले, पंखांचे पडदे खाली सोडलेले उतरते विमान मंदगती असते. नवशिक्याने त्याच्यापासून आरंभ करणे बरे.

येलहंका येथील वायुदलाच्या तळावर १९९६ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी भरणाऱ्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनात परिस्थिती अगदी उलट असते. तेथे विमाने जवळ येतात, आणि क्षणात दूर जातात. ‘सूर्यकिरण’ पथकाची नऊ विमाने एकत्र येतात तेव्हा ६०० मिलिमीटरच्या भिंगात त्यांतले एखादेच मावते. ती कारंजासारखी फाकतात तेव्हा १०० मिलिमीटरही जास्त ठरते. स्थिर नाभीय अंतराचे भिंग अधिक रेखीव असते हे खरे, परंतु अशा ठिकाणी १०० ते ४०० मिलिमीटर पल्ल्याचे झूम भिंग अधिक उपयोगी पडते. रेखीव चित्रात विमानाचे अर्धे शेपूट कापले गेले तर त्या रेखीवपणाचे करायचे काय? १५० ते ६०० मिलिमीटरची भिंगे २०१३ नंतर आवाक्यातील किमतीत मिळू लागली. ती एकट्या विमानासाठी उत्तम. पण सबंध पथकासाठी दुसरे, आखूड भिंग जवळ असावे.

मोठ्या छिद्राच्या जड भिंगाचा मोह येथे टाळता येतो. विमानांचे चित्रण बहुतेक लख्ख उन्हात होते आणि पुष्कळ झूम भिंगे छिद्र-क्रमांक ८ च्या आसपास आपले सर्वोत्तम काम देतात. चार-पाच तास हातात धरायचे भिंग तीन किलोंचे असले, तर तिसऱ्या तासाला हात कापू लागतात व वाढीव किंमत त्या कंपात विरून जाते. भिंगामागे जोडायच्या वर्धकाचे मोलही नीट समजून घ्यावे. १.४ पट वर्धकाने प्रकाश निम्मा होतो आणि दुपटीच्या वर्धकाने चौथाई उरतो. शिवाय मूळ भिंगातील दोषही त्याच प्रमाणात मोठे होतात.

पंखा असलेल्या विमानांची आणि हेलिकॉप्टरांची गोष्ट निराळी. जेट विमानाला कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली तरी चालते. हेलिकॉप्टरला तोच वेग लावला की पाती गोठल्यासारखी दिसतात आणि यंत्र आकाशात टांगून ठेवल्याचा भास होतो. मुख्य पंखा मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर सेकंदाच्या साठाव्या भागात पाते ३० अंश फिरते आणि गती डोळ्यांना जाणवते. परंतु इतक्या संथ वेगाला लांब भिंग हातात स्थिर राहत नाही. येथे भिंगातील कंपन-निवारणाची यंत्रणा कसोटीला लागते. आडव्या हालचालीला मोकळीक देऊन केवळ उभा कंप थोपवण्याची सोय तिच्यात आहे की नाही, हे विकत घेण्यापूर्वी पाहून घ्यावे.

जागा निवडताना कायद्याचा विसर पडू नये. सरकारी विमानतळावर किंवा उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यावर १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमाने बंधन घातले. शिवाय जुन्या धावपट्टीचा परिसर संरक्षण-उत्पादनाशी निगडित आहे. कुंपणाजवळ भले मोठे भिंग रोखून उभे राहणे शहाणपणाचे नव्हे. अधिकृत प्रदर्शनाची जागा याबाबतीत निर्धास्त.

राहता राहिला सराव. निरभ्र आकाशात स्वयंचलित केंद्रीकरणाला धरायला काहीच सापडत नाही आणि ते पुढेमागे भरकटते. जवळच्या अंतराचा शोध बंद करणारी कळ भिंगावर असेल तर ती वापरावी आणि केंद्रबिंदू चौकटीच्या मध्याशी ठेवावा. यासाठी विमानाची वाट पाहण्याचेही कारण नाही. बंगळूरच्या आकाशात घारी मुबलक आहेत. दीड मीटर पंखविस्ताराची घार पन्नास मीटरवरून गेली, तर ती चौकटीत ४४० मीटरवरून आडव्या जाणाऱ्या ‘तेजस’एवढीच जागा घेते, वळते मात्र त्याच्यापेक्षा कितीतरी अनपेक्षितपणे.