वाचेचा अडथळा : साह्य केव्हां घ्यावें ?

वर्गांत धडा वाचावयास उभा राहिलेला एखादा मुलगा पहिल्याच अक्षरावर अडखळतो, मागच्या बाकांवर हंशा पिकतो आणि तो मान खालीं घालून बसतो. दुसऱ्या दिवशीं उत्तर येत असूनही तो हात वर करीत नाहीं. असे प्रसंग आम्हीं सर्वांनीं पाहिले आहेत; त्या हंशांत आमचाही वांटा होता, हें कबूल केलें पाहिजे.

तोतरेपणा हा मंदबुद्धीचा किंवा आळसाचा परिणाम नव्हे. तो बहुधा दोन ते पांच वर्षांच्या वयांत सुरू होतो व पुष्कळ मुलांच्या बाबतींत आपोआप जातोही. परंतु तो सहा महिन्यांहून अधिक टिकल्यास, कुळांत दुसऱ्या कोणाचा राहिला असल्यास, अथवा मूल बोलतांना डोळे मिटूं लागल्यास किंवा बोलणेंच टाळूं लागल्यास वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जाण्यास विलंब करूं नये. हा तज्ज्ञ बोलण्याची रीत बारकाईनें पाहून योग्य सराव सांगतो आणि घरच्या माणसांसही त्यांत सामील करून घेतो.

धाकट्या भावंडांकडेही लक्ष असावें. मूल सामान्यतः वर्षाच्या सुमारास पहिला शब्द उच्चारतें आणि दोन वर्षांचें होईतों दोन शब्द जोडूं लागतें. तसें न घडल्यास आजीबाई म्हणतात, "ह्याचा बापही उशिरांच बोलला," आणि वेखंड उगाळून चाटवितात. त्यांची माया खरी. पण ज्यास ऐकूंच येत नाहीं, तें मूल वेखंडानें कसें बोलेल? म्हणून प्रथम कानांची परीक्षा करवावी. आलेली भाषा नाहींशी होऊं लागल्यास तर मुळींच वाट पाहूं नये. मोठ्या माणसाची वाचा एकाएकीं जड झाली, तर तो पक्षाघात असूं शकतो; तेव्हां तडक इस्पितळ गांठावें.

ह्या विषयाची अखिल भारतीय संस्था म्हैसूर येथें १९६५ सालीं स्थापन झाली.

साह्य घेण्यांत कमीपणा नाहीं. इंग्लंडचे सहावे जॉर्ज तोतरे होते. राजे होण्यापूर्वीं, १९२६ सालीं, त्यांनीं लायोनेल लोग ह्या शिक्षकाकडे सराव आरंभिला आणि १९३७ सालीं राज्याभिषेकाच्या दिवशीं नभोवाणीवरून भाषण केलें.

उपचार करणें आम्हां विद्यार्थ्यांचें काम नव्हे. मात्र अडखळणाऱ्या सोबत्याचें वाक्य आपण पुरें न करतां तें संपेपर्यंत शांतपणें ऐकणें, एवढें आम्हांस आजपासून करतां येईल.