सार्वजनिक ग्रंथालय : दार कोणाला उघडे आणि ते उघडणारा कोण

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारी वाट ज्या तिठ्यावर वळते, त्या हातखंब्यासारख्या गावाच्या संदर्भात सार्वजनिक ग्रंथालयाचा विचार केला, तर पुस्तके किती, सभासद किती, इमारत स्वतःची की भाड्याची, हे प्रश्न आधी विचारले जातात. ते ग्रंथालय कोणासाठी उघडे आहे आणि ते उघडून बसणाऱ्या माणसाला गाव व शासन कसे वागवतात, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. ग्रंथपालनातील नीतिविचार, सर्वसमावेशकता आणि कामाच्या ठिकाणचे वातावरण असे तीन वेगळे विषय करून त्यांची चर्चा करण्याची पद्धत असली, तरी एकाच टेबलामागे एकच सेवक बसलेला असतो अशा ठिकाणी ते तीन विषय उरत नाहीत, आणि महाराष्ट्रातील बहुसंख्य ग्रामीण ग्रंथालयांची स्थिती नेमकी तशी आहे.

या स्थितीचे मूळ राज्याने निवडलेल्या व्यवस्थेत आहे. मद्रास प्रांताने १९४८ साली ग्रंथालय कायदा करून मालमत्ताकरावर ग्रंथालय उपकर बसवला. ‘महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७’ने तो मार्ग घेतला नाही. लोकांनी नोंदणीकृत संस्था स्थापन करावी, तिच्या कार्यकारिणीने ग्रंथालय चालवावे आणि शासनाने त्याला मान्यता देऊन अ, ब, क किंवा ड असा वर्ग ठरवून परिरक्षण अनुदान, म्हणजे ग्रंथालय चालू ठेवण्यासाठीचे वार्षिक साहाय्य, द्यावे, अशी महाराष्ट्राची रीत आहे. या रीतीने राज्यात अकरा-बारा हजार ग्रंथालये उभी राहिली, ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिच्यामागे गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पदरमोड करून केलेले काम आहे. परंतु याच रीतीमुळे पैसा बऱ्याच अंशी सार्वजनिक, व्यवस्थापन खाजगी आणि सेवक मात्र ना धड शासनाचा ना धड संस्थेचा, अशी अवस्था निर्माण झाली.

ही अवस्था आकड्यांत पाहणे आवश्यक आहे. ड वर्गाच्या ग्रंथालयाला वर्षाला ३०,००० रुपये अनुदान मिळत असे आणि २०२२-२३ पासून लागू झालेल्या साठ टक्के वाढीनंतर ते ४८,००० रुपये झाले. अनुदानाचा निम्मा भाग वेतनावर आणि निम्मा ग्रंथखरेदी, वर्तमानपत्रे, भाडे, वीज आदी वेतनेतर बाबींवर खर्च करायचा असतो. त्या हिशेबाने सेवकाच्या वाट्याला वाढीपूर्वी दरमहा १,२५० आणि वाढीनंतर २,००० रुपये येत होते. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी २९७ रुपये होती, म्हणजे महिनाभर ग्रंथालय उघडणाऱ्या, झाडणाऱ्या, नोंदी ठेवणाऱ्या आणि वाचकांना पुस्तक शोधून देणाऱ्या व्यक्तीला सात दिवसांच्या मजुरीएवढीही रक्कम मिळत नव्हती, आणि अनुदान हप्त्यांनी येत असल्यामुळे तीही दरमहा हातात पडत नव्हती. सेवकांच्या वेतनश्रेणीचा प्रश्न राज्य शासनाने नेमलेल्या प्रभा राव समिती आणि व्यंकप्पा पत्की समिती यांच्या काळापासून मांडला जात आहे. ज्याच्याकडून समाज विद्येच्या दाराशी उभे राहून सर्वांना समान वागणूक देण्याची अपेक्षा करतो, त्याला इतक्या अल्प मोबदल्यावर ठेवणे हाच या क्षेत्रातील पहिला आणि सर्वांत मोठा नैतिक प्रश्न मानला पाहिजे.

अल्प मोबदल्याचे परिणाम कामाच्या सचोटीवरही होतात. मान्यता आणि वर्ग हे सभासदसंख्या, ग्रंथसंख्या आणि नोंदवह्या यांवर अवलंबून असल्याने कागद पूर्ण दिसावेत असा दबाव निर्माण होतो. २०१२ साली महसूल यंत्रणेमार्फत राज्यभरातील ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा अनेक ग्रंथालये निकषांत बसत नसल्याचे आढळले आणि त्यानंतर नव्या ग्रंथालयांची मान्यता व वर्गवाढ दीर्घकाळ थांबली. या पडताळणीत दोष उघडे पडले हे योग्यच झाले. परंतु नोंदवही लिहिणारा हात सेवकाचा असतो आणि काय लिहावे हे सांगणारा बहुधा दुसरा असतो, हे लक्षात न घेता केवळ सेवकाच्या प्रामाणिकपणाची चर्चा करणे अन्यायाचे आहे. चुकीची नोंद करण्यास नकार दिल्यावरही नोकरी टिकेल अशी हमी ज्या संस्थेत असते, तिथेच व्यावसायिक नीती नांदू शकते.

दार कोणाला उघडे हा प्रश्न रत्नागिरीला नवा नाही. येथील नगर वाचनालयाची परंपरा १८२८ पर्यंत मागे जाते आणि महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या ग्रंथालयांत त्याची गणना होते. त्या शतकातील अशा संस्था ‘नेटिव्ह जनरल लायब्ररी’ म्हणून ओळखल्या जात आणि वर्गणी भरू शकणाऱ्या शिक्षित पुरुषांचा वर्ग हाच त्यांचा वाचकवर्ग होता. या चौकटीबाहेर जाणारा मोठा प्रयत्न बडोदे संस्थानात झाला. सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालास पाचारण करून मोफत ग्रंथालयांचे जाळे विणण्यास आरंभ केला. गाव, स्थानिक पंचायत आणि दरबार यांनी खर्चाचा सारखा वाटा उचलावा, फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यांत जाव्यात, स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र सोय असावी, अशी ती योजना होती. तरीही त्याच बडोद्यात १९१७ साली नोकरीसाठी आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कचेरीतील शिपाई दुरूनच फायली टाकत आणि शहरात राहायला जागा मिळत नव्हती. दरबाराचे धोरण उदार असूनही कचेरीतील वागणूक माणसाला बाहेर ढकलू शकते, याचा याहून बोलका पुरावा मराठी समाजाच्या इतिहासात सापडणे कठीण. पुढे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२)ने शासकीय पैशावर पूर्णतः किंवा अंशतः चालणाऱ्या सार्वजनिक वापराच्या ठिकाणी धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून मज्जाव करण्यास बंदी घातली, आणि अनुदानित ग्रंथालय या कसोटीतून सुटत नाही.

आज उघड मज्जाव कोणी करत नाही, म्हणून प्रश्न संपला असे नव्हे. कोकणातील गाव वाड्यांमध्ये विखुरलेले असते. ग्रंथालय कोणत्या वाडीत आहे, देवळाच्या सभामंडपात आहे की कोणाच्या घराच्या पडवीत, यावर बौद्धवाडीतील मुलगी किंवा मोहल्ल्यातील मुलगा तिथे सहजपणे येऊन बसेल की नाही हे ठरते. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या आणि हे प्रमाण राज्यात सर्वाधिक होते. घरातील पुरुष नोकरीसाठी मुंबईत राहण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत त्यामागे आहे. अशा जिल्ह्यात ग्रंथालय फक्त संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेस उघडले जात असेल, तर गावातील निम्म्याहून अधिक वाचक नियमात कुठेही न लिहिता वगळले जातात. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे असे सांगते, आणि वेळापत्रक, अनामत रक्कम, पायऱ्या या बाबीही त्या सूत्राच्या कक्षेत येतात. दृष्टिहीन वाचकांपर्यंत पुस्तके सुलभ रूपात पोहोचावीत यासाठीच्या मराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता देणारा देश भारत होता. त्या कराराचा लाभ खेड्यापर्यंत न्यायचा, तर श्राव्य पुस्तक मोबाइलवर कसे मिळवून द्यावे हे त्या एकट्या सेवकाला कोणीतरी शिकवायला हवे.

वाचकाची गोपनीयता हा असाच उपेक्षित विषय आहे. अमेरिकी ग्रंथालय संघटनेने १९३९ साली स्वीकारलेल्या आचारसंहितेत आणि आंतरराष्ट्रीय ग्रंथालय महासंघाच्या २०१२च्या संहितेत वाचकाविषयी कळलेली खाजगी माहिती गुप्त राखणे हे ग्रंथपालाचे कर्तव्य मानले आहे. खेड्यात देवघेवीची वही टेबलावर उघडी असते आणि कोणी काय नेले हे येणारा-जाणारा वाचू शकतो. आजाराविषयी, घटस्फोटाच्या कायद्याविषयी किंवा धर्मचिकित्सेविषयी पुस्तक हवे असलेली व्यक्ती अशा वेळी ते न मागताच परत जाते. नावाऐवजी सभासद क्रमांक लिहिणे आणि वही खणात ठेवणे यासाठी कोणत्याही अनुदानाची गरज नाही. ग्रंथनिवडीतील दबाव मात्र इतक्या सहज दूर होत नाहीत. ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरावर जमावाने हल्ला केला आणि तेथील ग्रंथ व साधनांची हानी झाली, तेव्हा नामवंत संशोधनसंस्थाही किती असुरक्षित असते हे दिसले. गावात एखादे पुस्तक का ठेवले असा जाब विचारला गेल्यास उत्तर देण्यासाठी सेवकाला एकटे सोडू नये, तर ग्रंथनिवडीचे धोरण कार्यकारिणीने लेखी मंजूर करून त्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी.

ग्रंथालयांत स्त्री सेवकांना आणखी एका बाजूने संरक्षण लागते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती नेमावी लागते. एक-दोन सेवकांचे ग्रंथालय त्यात बसत नाही, त्यामुळे हा कायदा आपल्याला लागूच नाही अशी समजूत सहज होऊ शकते. प्रत्यक्षात अशा ठिकाणांसाठी, तसेच तक्रार खुद्द मालकाविरुद्ध, म्हणजे येथे संस्थेच्या पदाधिकाऱ्याविरुद्ध, असेल तेव्हाही जिल्ह्याची स्थानिक समिती असते, आणि ग्रामीण भागात तालुक्याच्या समन्वय अधिकाऱ्याकडे दिलेली तक्रार त्याने सात दिवसांत त्या समितीकडे पाठवायची असते. कायद्यातील पीडित स्त्रीची व्याख्या कोणत्याही वयाच्या, तिथे नोकरी करणाऱ्या वा न करणाऱ्या स्त्रीला लागू होते. त्यामुळे ग्रंथालयात काम करणाऱ्या सेविकेला जे संरक्षण आहे, तेच तिथे अभ्यासाला येणाऱ्या विद्यार्थिनीलाही आहे, आणि छळाच्या शिक्षेची माहिती देणारा फलक दर्शनी भागात लावण्याचे बंधन एका सेवकाच्या ग्रंथालयालाही चुकत नाही.